चॅट्सवर्थ इस्टेटीतून निवांत पायी फेरी : पहिल्यांदा जाणाऱ्या लहान गटासाठी मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी आणि मुलांकडे उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांसाठी आलेले आई-वडील येथील जुने सरदारी वाडे पाहायला आवर्जून जातात. बहुतेकांची भेट मात्र वाहनतळ, तिकीटखिडकी, वाड्यातील दालने आणि उपाहारगृह एवढ्यावरच आटोपते. वाड्याभोवती पसरलेली जमीन, म्हणजे नदी, कुरणे, जुने ओक, मेंढ्या, हरणे आणि इस्टेटीतील गाव, हे सगळे मोटारीच्या काचेतून पाहून सुटते. खरे पाहता अशा इस्टेटींचा उत्तम भाग हाच असतो आणि अनेक ठिकाणी तो विनामूल्य पाहता येतो. त्यासाठी पायी आणि सावकाश चालण्याची तयारी हवी, आणि कुठून चालण्याचा आपल्याला हक्क आहे हे ठाऊक हवे.

पहिल्या फेरीसाठी मी सर्वांना डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थ सुचवतो. डेव्हनशरच्या ड्यूकांचे, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचे हे ठिकाण पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, डर्वेंट नदीच्या काठी आहे. वाट सपाट आहे, चुकण्यासारखी नाही आणि सार्वजनिक बसने गाठता येते. साठी-सत्तरीचे आई-वडील आणि शाळकरी मुले एकाच गटात असतील, तरीही ही फेरी सर्वांना झेपते.

१. आधी चालण्याचा हक्क समजून घ्या

नवख्या माणसाला पहिली धास्ती असते ती ‘ही कुणाची तरी खासगी जमीन आहे, आपल्याला कुणी हटकले तर?’ याची. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून जाणारी सार्वजनिक पायवाट हा कायद्याने मान्य केलेला रस्ता असतो आणि त्यावरून चालण्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. अशा वाटेच्या खांबांवर पिवळा बाण असतो. निळा बाण असलेल्या वाटेवर पादचाऱ्यांबरोबर घोडेस्वार आणि सायकलस्वारही येऊ शकतात. तिसऱ्या प्रकारच्या वाटा मालकाने स्वखुशीने खुल्या ठेवलेल्या असतात. त्या तो बंदही करू शकतो, म्हणून तेथील पाटी वाचूनच पुढे जावे.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. याच पीक डिस्ट्रिक्टमध्ये किंडर स्काउटच्या पठारावर २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण जमीनमालकांची बंदी मोडून चढले आणि त्यांच्यापैकी काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले आणि २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील माळराने व डोंगरपठारे पायी फिरणाऱ्यांसाठी खुली झाली. आपण आज निर्धास्तपणे ज्या फाटकातून आत जातो, त्यामागे ही माणसे उभी आहेत, हे आपल्याबरोबरच्या मुलांना जरूर सांगावे.

चॅट्सवर्थपुरते सांगायचे तर वाड्याला आणि त्याच्या १०५ एकरांच्या बागेला तिकीट आहे. नदीच्या पश्चिमेकडील मोकळ्या पार्कात चालायला तिकीट नाही. पूर्व काठावर मात्र पायवाट सोडू नये, कारण तिकडचा काही भाग हरणांसाठी राखून ठेवलेला आहे आणि तेथे लोकांना प्रवेश नाही. ५५ मैलांची डर्वेंट व्हॅली हेरिटेज वे ही दीर्घ पायवाट याच पार्कातून जाते. आपण तिचाच एक तुकडा चालणार आहोत.

२. गट, दिवस आणि वेळ ठरवा

चार ते सहा जणांचा गट सर्वांत सोयीचा. दहाच्या पुढे गेल्यावर गट आपोआप दोन तुकड्यांत फुटतो, पुढचे मागच्यांची वाट पाहत ताटकळतात आणि मागच्यांना आपल्यामुळे उशीर होतो असे वाटू लागते. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा आणि त्या व्यक्तीला पुढे ठेवावे. वाट माहीत असलेल्याने मधे आणि एका भक्कम माणसाने शेवटी चालावे.

एप्रिलअखेर ते जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. वसंतात कोकरे असतात, ऑक्टोबरमध्ये ओक आणि बीच या झाडांची पाने पिकतात. डिसेंबरमध्ये चारच्या आधी सूर्य मावळतो, हे भारतातून आलेल्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत चालायला सुरुवात करावी. बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुटीचा सोमवार आणि इस्टेटीत जत्रा किंवा नाताळबाजार भरलेला दिवस टाळावा. त्या दिवशी वाहनांच्या रांगा लागतात आणि निवांतपणाचा मूळ हेतूच हरवतो. कार्यक्रमांचे वेळापत्रक इस्टेटीच्या संकेतस्थळावर मिळते.

बॅस्लो गावातून निघून वाडा, पूल आणि एन्झर गाव करून परत यायला साधारण सात किलोमीटर चालावे लागते. नुसते चालले तर दोन तास पुरतात. मी मात्र चार तास हातात ठेवा असे सांगेन, कारण ही जागा थांबत थांबत पाहण्यासाठीच घडवली आहे.

३. जाण्याची व्यवस्था

रेल्वेने शेफील्डपर्यंत यावे. शेफील्डहून बेकवेलकडे जाणारी २१८ क्रमांकाची बस बॅस्लोवरून जाते. रविवारचे आणि हिवाळ्यातील वेळापत्रक वेगळे असते, म्हणून आदल्या संध्याकाळी ते तपासावे आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ गटातील किमान दोघांनी लिहून घ्यावी. या एका गोष्टीत हयगय झाली तर संध्याकाळी खेडेगावात टॅक्सी शोधत बसावे लागते, आणि ती आयत्या वेळी मिळेलच असे नाही.

तीन ते नऊ मोठी माणसे एकत्र, गर्दीच्या वेळा टाळून प्रवास करणार असतील, तर अनेक रेल्वे कंपन्यांच्या गाड्यांवर ग्रुपसेव्ह नावाची एक-तृतीयांश सवलत मिळते. त्यासाठी कोणतेही कार्ड काढावे लागत नाही, मात्र तिकीट काढतानाच ती निवडावी लागते. साठीच्या पुढचे आई-वडील बराच काळ राहणार असतील तर त्यांच्यासाठी सीनियर रेलकार्ड घ्यावे. वयाचा पुरावा म्हणून भारतीय पारपत्र चालते.

मोटारीने येणाऱ्यांनी बॅस्लोच्या नेदर एंड भागातील सशुल्क वाहनतळावर गाडी लावावी. रस्त्याच्या कडेच्या गवतावर किंवा शेताच्या फाटकासमोर गाडी उभी करणे हा येथे गंभीर प्रमाद समजला जातो, कारण शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याच फाटकातून ये-जा करतो.

४. बरोबर काय घ्यावे

- ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर मालिकेतील ओएल २४, व्हाइट पीक हा नकाशा. त्याचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर जमिनीवरच्या एका किलोमीटरइतके. त्यात सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. दरीत फोनला रेंज मिळेलच असे नसते, म्हणून कागदी नकाशा घ्यावा, निदान मार्ग फोनमध्ये उतरवून ठेवावा.
- घोट्यापर्यंतचे, पाणी आत न येऊ देणारे बूट आणि एक जादा मोज्यांचा जोड. सह्याद्रीत गड चढलेल्यांना ही वाट किरकोळ वाटेल; चढ खरोखरच किरकोळ आहे, पण पावसानंतर फाटकांपाशी मेंढ्यांच्या आणि माणसांच्या पायांनी तुडवलेला चिखल निसरडा असतो.
- पावसाचे जाकीट, त्याखाली लोकरी किंवा फ्लीसचा थर. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. साडी नेसणाऱ्यांनी त्या दिवशी सलवार किंवा पँट घालावी, कारण ओल्या गवतात काठ जड होतात आणि फाटकात अडकतात.
- पाणी, थर्मासमध्ये चहा, आणि हाताने खाता येईल असे जेवण. दशम्या, चटणी, मेथीचे पराठे, शेंगदाण्याचे लाडू उत्तम. कचरा परत आणण्यासाठी पिशवी.
- आई-वडिलांची रोजची औषधे, प्रवासविम्याचा क्रमांक आणि पारपत्राचे छायाचित्र फोनमध्ये. मूळ पारपत्र घरीच ठेवावे.
- बारीक टोकाचा चिमटा. त्याचे कारण शेवटच्या पायरीत आहे.

निघण्यापूर्वी नेदर एंडच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात जाऊन यावे. त्यानंतरची सोय थेट वाड्याजवळच्या जुन्या तबेल्यांपाशी आहे.

५. बॅस्लोहून पार्कात

नेदर एंडहून बार ब्रूक नावाचा ओढा छोट्या पुलावरून ओलांडावा आणि गवताने शाकारलेल्या घरांजवळून जाणारी वाट धरावी. थोड्याच अंतरावर पार्कात नेणारे फाटक येते. त्याला किसिंग गेट म्हणतात. अर्धवर्तुळाकार कठड्याच्या आत एकच झडप झुलत असते: झडप आपल्याकडे ओढायची, कठड्याच्या कोपऱ्यात सरकायचे, झडप पलीकडे ढकलायची आणि बाहेर पडायचे. माणूस सहज जातो, मेंढी जाऊ शकत नाही आणि फाटक उघडे राहण्याची शक्यताच उरत नाही. सहसा ते एका वेळी एकालाच जाऊ देते, म्हणून पाठीवरची मोठी पिशवी आधी उतरवून हातात घ्यावी. बॅस्लोचे हे फाटक ऐसपैस आहे. त्यातून चाकांची खुर्चीही जाते.

इतर कोणत्याही फाटकाचा नियम साधा आहे: जसे सापडले तसेच सोडावे. बंद होते तर बंद करावे आणि कडी लागल्याची खात्री करावी. उघडे होते तर उघडेच ठेवावे, कारण शेतकऱ्याने ते जनावरांना पाण्याकडे जाता यावे म्हणून ठेवलेले असू शकते. नवखी मंडळी नेमकी येथेच भलेपणाच्या भरात उघडे फाटक लावून घेतात.

फाटकापासून वाट दक्षिणेकडे जवळजवळ सरळ जाते. उजव्या हाताला काही अंतरावर नदी आणि डाव्या बाजूला चढत जाणारे जंगल असते. त्या जंगलाच्या माथ्यावर दिसणारा बुरूज सोळाव्या शतकातील आहे. तेथून शिकार पाहिली जात असे. चढण्याची हौस असेल तर तिकडे जाणाऱ्या वाटाही खुल्या आहेत, पण पहिल्या फेरीत बुरूज खालूनच पाहावा.

६. वाड्याजवळ : येथे घाई करू नये

वाड्याच्या अलीकडे, नदीजवळ, पाण्याच्या खंदकात उभा असलेला एक चौकोनी दगडी चौथरा दिसतो. याला क्वीन मेरीज बॉवर म्हणतात. स्कॉटलंडची राणी मेरी हिला एलिझाबेथ पहिलीच्या आज्ञेवरून नजरकैदेत ठेवले गेले, तेव्हा १५६९ नंतर तिला अनेकदा चॅट्सवर्थला आणले होते. तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अर्ल ऑफ श्रूजबरीची पत्नी बेस ऑफ हार्डविक हीच या घराची मूळ कर्ती. बेस आणि तिचे आधीचे पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांनी १५४९ मध्ये ही जहागीर विकत घेतली आणि १५५२ मध्ये बांधकाम सुरू केले. आज दिसणारा वाडा मुख्यतः पहिल्या ड्यूकने १६८७ पासून १७०७ पर्यंत टप्प्याटप्प्याने पुन्हा बांधला.

पुढे तीन कमानींचा दगडी पूल येतो. तो जेम्स पेन या वास्तुरचनाकाराने १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधला. पूल ओलांडून पश्चिम काठावर जावे आणि मग मागे वळून पाहावे. समोर वाडा, त्यामागे गर्द झाडी, खाली संथ रुंद नदी आणि उतरत आलेले गवत, हे सारे निसर्गाने जसे ठेवले तसेच आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते मोठ्या मेहनतीने रचलेले आहे. चौथ्या ड्यूकने लॅन्सलॉट ‘कॅपॅबिलिटी’ ब्राऊन याला बोलावले. त्याने जुन्या आखीव बागांच्या जागी गवताचे उतार आणले, झाडांचे पुंजके लावले आणि नदीचे पात्र रुंद भासेल असे केले. वाडा एकाच जागेवरून पाहायचा नसून वाटेने पुढे सरकताना कधी झाडाआड जावा, कधी पुन्हा समोर यावा, अशी ही योजना आहे. म्हणूनच मोटारीने भुर्रकन जाणाऱ्याला ती दिसत नाही आणि संथ चालणाऱ्याला आपोआप उमगते. पुलापासून एन्झरकडे चढताना दर शंभर-दीडशे पावलांवर मागे वळून पाहा, दृश्य कसे बदलते ते ध्यानात येईल.

छायाचित्रे काढायची असतील तर दुपारनंतर यावे. वाड्याचा नदीकडचा दर्शनी भाग पश्चिमाभिमुख आहे आणि त्याच्या खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा वर्ख लावलेला आहे. सकाळी तो भाग सावलीत असतो. तिसऱ्या प्रहरी ऊन पडले की चौकटी झळाळतात. ड्रोनला मात्र परवानगीशिवाय मनाई आहे.

खानदेशातील कुणी गटात असेल तर पुलावर आणखी एक गोष्ट जरूर सांगावी. सहाव्या ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३० च्या दशकात येथील काचगृहात एक ठेंगणी केळ वाढवली, तिला फळे आली आणि मालकाच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे पिकणारी बसराई आणि ग्रँड नैन या दोन्ही जाती याच कॅव्हेंडिश गटातील आहेत. पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारणारा पॅक्स्टन तो हाच.

७. एन्झर गाव

नकाशावर आणि पाटीवर या गावाचे नाव एडेन्सर असे वाचाल, पण बसचालकाला विचारताना एन्झरच म्हणावे. पार्कातून जाणारा मोटाररस्ता ओलांडून गावात शिरावे लागते. गाड्या भारताप्रमाणेच डावीकडून जातात, मात्र येथे वेग जास्त असतो. मुलांचे हात धरावेत.

हे गाव पूर्वी नदीच्या बाजूला, वाड्यातून दिसेल असे होते. १८३८ ते १८४२ या काळात सहाव्या ड्यूकने ते हलवून आजच्या जागी वसवले. नवी घरे बांधताना एकासारखे दुसरे घर ठेवले नाही: कुठे स्विस धर्तीचे लाकडी छज्जे, कुठे इटालियन मनोरा, कुठे ट्यूडर पद्धतीच्या उंच चिमण्या. प्रत्येक घरापाशी क्षणभर थांबून छपराची ठेवण पाहावी. जुन्या गावातील एक घर मात्र तसेच राहिले. ते रस्त्याच्या पलीकडे, भिंतीने वेढलेले, एकटे उभे आहे. त्या एका घराकडे पाहिले की हलवलेल्या बाकीच्या कुटुंबांची आठवण होते, आणि ती व्हायलाच हवी. एवढ्या देखण्या देखाव्यासाठी कुणालातरी आपले घर सोडावे लागले होते.

चर्चच्या मागील चढावरील स्मशानभूमीत पॅक्स्टनची कबर आहे. तेथेच अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण कॅथलीन हिची कबर आहे. तिचा विवाह दहाव्या ड्यूकच्या थोरल्या मुलाशी झाला होता. केनेडी जून १९६३ मध्ये येथे येऊन गेले, तशी नोंद तेथील फरशीवर आहे. गावातील घरांत लोक राहतात, म्हणून खिडक्यांतून डोकावू नये आणि अंगणांत शिरू नये.

८. जेवण आणि परतीची वाट

डबा खाण्यासाठी नदीच्या पश्चिम काठावरचे गवत उत्तम. मेंढ्या जवळ येतात. त्यांना काहीही भरवू नये. शेगडी किंवा चूल पेटवण्यास मनाई आहे. केळीची सालेसुद्धा परत न्यावीत. उपाहारगृहात बसायचे असेल तर तबेल्यांच्या चौकात सोय आहे; शाकाहारी मंडळींनी सूप कशाच्या पाण्यात केले आहे हे विचारून घ्यावे.

अंगात उत्साह उरला असेल तर पुलापासून पश्चिम काठाने खालच्या दिशेला त्याच जेम्स पेनच्या पडक्या गिरणीपर्यंत जाऊन यावे. १९६२ च्या वादळात झाडे कोसळून ती मोडली. वाट सपाट आहे, मात्र एकूण अंतर सुमारे तीन किलोमीटरने वाढते. शेवटच्या बसचा हिशेब करूनच निघावे. एरवी आल्या वाटेने बॅस्लोला परतावे.

९. जनावरांविषयी सावधगिरी

हरणांपासून किमान पन्नास मीटर दूर राहावे. मे ते जुलै या काळात गवतात पाडस एकटे दिसले तर ते हरवलेले नसते, आई जवळपासच असते. त्याला हात लावू नये. ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात आणि हंबरतात, तेव्हा आणखी अंतर राखावे. वासरांसह असलेल्या गाईंच्या कळपातून न जाता वळसा घालावा. गटात कुत्रा असेल तर त्याला दोरी लावावी, पण गाई अंगावर आल्याच तर दोरी सोडून द्यावी. कुत्रा पळून वाचतो आणि गाई त्याच्या मागे जातात. कुणाला दुखापत झाली तर ९९९ वर फोन करावा आणि नकाशावरील ग्रिड क्रमांक, म्हणजे नकाशाच्या चौकटींवरून काढलेला आपल्या जागेचा क्रमांक, सांगावा.

१०. घरी आल्यावर

हरणे आणि उंच गवत असलेल्या जागी गोचिडी असतात आणि काही गोचिडींमुळे लाइम हा आजार होतो. चालताना पँट मोज्यांत खोचावी. घरी आल्यावर प्रत्येकाने गुडघ्यांच्या मागे, जांघेत, काखेत आणि मुलांच्या केसांच्या कडेला नीट पाहावे. गोचीड दिसली तर चिमटा अगदी त्वचेलगत धरून सरळ वर, सावकाश ओढावी. तेल लावू नये, चटका देऊ नये. जागा धुऊन तारीख लिहून ठेवावी. पुढील काही आठवड्यांत तेथे पसरत जाणारा लालसर चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जावे किंवा १११ या आरोग्यसेवेच्या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे. आई-वडील तोवर भारतात परतले असतील तर तेथील डॉक्टरांना इंग्लंडमधील हरणांच्या पार्कात गोचीड चावल्याचे आपणहून सांगावे, कारण हा आजार तेथे क्वचितच आढळत असल्याने तो त्यांच्या चटकन ध्यानात येणार नाही.